टेकडीवरची वसुबारस

तिथले लोक त्या भागाला डोंगराळ म्हणतात, म्हणून आपणही म्हणायचं. मी कराडची. आगाशिवचा डोंगर शाळेच्या खिडकीतून बघत वाढलेली. मला त्या टेकड्याच वाटल्या. पण दीडेक वर्ष आइंडहोवनच्या डच सपाटीवर सायकल हाणल्यावर रस्ता जरा चढला तरी माणूस हरखतं. "गिअर बदलावा लागला बघ!" असं गाडी चालवता चालवता नवरा लहान मुलासारखा ओरडला होता. मागच्या सीटवरून आमची नाशिकची मैत्रीण म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथले जवळूनही साजरे. कुणी इस्त्री केलीय की काय!" सगळे हसले. मीही हसले. माझ्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पूजेचं ताट होतं आणि पोटात सकाळपासून कोऱ्या चहाखेरीज काही नव्हतं.

दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. त्या वर्षी वसुबारस नेमकी शनिवारी आली आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. गाय-वासराची पूजा करायची, आणि खऱ्या. आदल्या वर्षी आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात दुधाच्या खोक्यावरच्या गाईला हळदकुंकू वाहिलं होतं. त्या चित्रात वासरूसुद्धा नव्हतं. गाईंनी भरलेला देश, आणि पूजा पुठ्ठ्याची! मला लाज वाटली होती.

आमच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीचा भाऊ दक्षिणेकडच्या त्या टेकड्यांत दुधाचा फार्म चालवायचा. तिला विचारलं. "तुम्ही गाईला नक्की काय करणार?" हे तिने तीनदा विचारलं. ओवाळणं म्हणजे काय ते इंग्रजीत सांगून बघा एकदा. दिवा घेऊन गाईसमोर गोल फिरवणार म्हटल्यावर ती बाई हादरली. मग म्हटलं, वाढदिवसासारखं समजा. ते तिला पटलं. तिने भावाला फोन केला, भाऊ म्हणाला शनिवारी चारला या.

नाशिकचीला ही सहल वाटत होती. तिची दोन्ही मुलं शनिवारच्या फुटबॉलला गेली होती, नवरा त्यांच्या मागे. ती मोकळी, खुशीत, तोंडाचा पट्टा चालू. माझं तसं नव्हतं. वसुबारस मुलांसाठी करतात. आणि माझा मुलगा कराडला होता, माझ्या आईजवळ. अकरा महिन्यांचा होता तेव्हा ठेवला, आता सव्वादोन वर्षांचा झाला होता.

हिशेब करा तुम्हीच, मी तो रोज करत होते.

ठेवला तेव्हा सहा महिन्यांसाठी ठेवला होता. मला इथलं काम मिळालं, माझ्या नावाचं परमिट आलं, नवऱ्याचं आधीच होतं. पाळणाघरात नंबर लागेना. आई म्हणाली, "ठेव माझ्याकडे, त्याला काय कळतंय? एवढंसं तर आहे. लवकर ठेवलंस तर रडणार पण नाही." खरंच रडला नाही. मी निघाले तेव्हा तो आईच्या कडेवर बसून माझ्या भावाच्या मोटारसायकलच्या आरशाशी खेळत होता. रडायचं काम मी मुंबईपर्यंत एकटीनेच केलं.

सहाचे चौदा महिने झाले, मग पंधरा, सोळा. दर रविवारी फोन. घरात माझा भाऊ आईला आई म्हणायचा, म्हणून हाही तिला आईच म्हणायला लागला. आजी म्हण, आजी म्हण, असं शिकवलं तरी ऐकेना. मग मी कोण? मी 'फोनआई'. त्याने स्वतःच काढलेलं नाव. आई फोनवर हसत हसत सांगायची, "काय हुशार आहे बघ!" मीही हसायचे. फोन ठेवला की भांडी घासायला घ्यायचे, घासलेलीच पुन्हा.

आणि एक गोष्ट होती जी आईला माहीत नव्हती आणि माझ्या समजुतीप्रमाणे नवऱ्यालाही नव्हती. जुलैमध्ये पाळणाघराचं पत्र आलं होतं. सप्टेंबरपासून जागा आहे, दोन आठवड्यांत कळवा. त्याच आठवड्यात मला टेस्टिंगच्या टीमची लीड केलं होतं. आठ माणसं माझ्या हाताखाली, त्यातली सहा गोरी. मी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये विजेच्या बिलांखाली सरकवलं. उद्या बघू, म्हटलं. असे चौदा उद्या गेले आणि मुदत संपली. कुणी माझ्यावर बंदूक रोखली नव्हती. मला ते काम आवडत होतं, आणि सकाळी उठून फक्त स्वतःचा डबा भरून निघणंही आवडायला लागलं होतं. आता बोललेच आहे तर हेही सांगून टाकते.

म्हणून ती वसुबारस मला नीट व्हायला हवी होती. मी मनाशी ठरवलं होतं, पूजा करायची, उपास कडकडीत करायचा, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगायचं. आधी पूजा, मग कबुली. देवाशीसुद्धा सौदा करायची खोड आहे माझी.

फार्म उताराला होता. खाली विटांचं जुनं घर, बाजूला लांबलचक गोठा, वर गवताचा चढ आणि त्यावर तांबड्या-पांढऱ्या गाई विखुरलेल्या. हवा दमट होती आणि मुरलेल्या चाऱ्याचा आंबूस वास सगळीकडे. शेतकरी निळ्या कपड्यांत, पन्नाशीचा, हात ताटाएवढे. इंग्रजी सावकाश पण स्वच्छ बोलायचा. त्याची बायको दारात उभी, बारीक चणीची, तिला इंग्रजी येत नव्हतं, ती तिथल्या बोलीतच बोलायची. ती आमच्याकडे बघून हसली आणि मग आमच्या पायांकडे बघितलं.

आम्ही दोघी जरीच्या साड्यांत. पूजा म्हणून गोठ्याच्या दारात चपला काढायला लागलो, तर तो माणूस "नाही नाही नाही" करत धावला. थोड्या वर्षांपूर्वी गुरांची साथ येऊन गेली होती, तेव्हापासून बाहेरच्या माणसाला पायात प्लास्टिकच्या निळ्या पिशव्या घातल्याशिवाय आत सोडत नव्हते. तेव्हा पैठणी, नथ आणि खाली निळ्या पिशव्या. नवऱ्याने फोटो काढला. "सासूबाईंना पाठवू नकोस, हाय खातील," असं नाशिकची म्हणाली.

अंगणात त्याने एक गाय बांधून ठेवली होती, धुऊन-पुसून. म्हातारी, पोट लोंबलेलं, डोळे अर्धे मिटलेले. तिच्याशेजारी दावणीला छोटं वासरू, दोन्ही कानांत पिवळे बिल्ले, बिल्ल्यांवर आकडे. ते सारखं दोरी ओढत होतं. गाय त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला जरा खटकलं, पण म्हटलं, इथल्या गाईसुद्धा इथल्या माणसांसारख्या, उगाच गळ्यात पडत नसतील.

आम्ही सुरुवात केली. तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्याने एवढंच सांगितलं की बिल्ल्यावर रंग नको, आकडा दिसला पाहिजे. निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं, तेव्हा त्याने स्वतः हाताचा आडोसा धरला. बाजरीची भाकरी गाईने हुंगली आणि मोठ्या मनाने खाल्ली. सगळं छान चाललं होतं. नाशिकची गुणगुणत होती. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सहज विचारलं, "वासरू केवढं झालं हिचं?"

"तीन आठवड्यांचं," तो म्हणाला. "पण हिचं नाही."

"म्हणजे?"

"ही शांत आहे. शाळेची मुलं येतात तेव्हा हिलाच आणतो. वासरू दुसऱ्या गाईचं आहे. तुम्ही म्हणालात एक गाय आणि एक वासरू."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही तसंच सांगितलं होतं. कोण सांगणार की गाय वासराची आईच असली पाहिजे? ते सांगावं लागतं हेच आपल्याला सुचत नाही. नाशिकची लगेच म्हणाली, "असू दे गं. भाव महत्त्वाचा. पुठ्ठ्यावरून इथवर आलो, हे काय कमी आहे?" नवराही म्हणाला, "झालं की, दे वडा आणि चला, अंधार पडेल."

पण मी हट्टाला पेटले. एकदा पेटले की माझं मलाच आवरत नाही, आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर सगळं खोटं चाललेलं, फोनवरचं आईपण, ड्रॉवरमधलं पत्र. आणि आता ही उसनी गाय! मला वाटलं, एक तरी गोष्ट खरी होऊ दे. मी त्याला म्हटलं, "याची खरी आई इथेच आहे ना? दोन मिनिटं आणा. फक्त दोन मिनिटं."

त्याने वासराची दोरी आखडली. मग म्हणाला, "ते बरोबर नाही होणार."

"का?"

"आम्ही वासरू जन्मल्यावर तासाभरात वेगळं करतो. चीकसुद्धा बाटलीने पाजतो. एक-दोन दिवस एकत्र ठेवून मग वेगळं केलं तर दोघंही ओरडतात, तीन-तीन दिवस. लवकर केलं की कुणाला काही कळत नाही."

लवकर केलं की कुणाला काही कळत नाही. माझ्या आईने कराडच्या फ्लॅटमध्ये हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मला वाटतं त्यानेच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आई ती आईच. तिला कळणार नाही असं कसं होईल?" आवाज चढला होता माझा. नवऱ्याने कोपर धरलं, मी झटकलं.

शेतकऱ्याने दाराकडे बघून बायकोला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली, नको. पण आम्ही पाहुणे, त्याच्या बहिणीच्या ऑफिसातले, एवढ्या लांबून आलेले. त्याने खिशातून एक छोटी वही काढली, वासराच्या बिल्ल्यावरचा आकडा वाचला, वहीत शोधला आणि वरच्या चढाकडे गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी असं करून घेतलं.

दहा मिनिटांनी तो एका तरुण गाईला घेऊन आला. पहिलटकरीण. कान सारखे हलत होते. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. त्याने म्हातारीला बाजूला नेलं आणि हिला त्या जागी उभं केलं. मी ताट घेऊन सरसावले.  आता ती त्याला चाटेल, असं मला वाटत होतं. तेवढंच बघायचं होतं मला.

वासरू आधी गेलं. त्याला काय माहीत होतं कुणास ठाऊक, दूध दिसलं म्हणून गेलं असेल. दोरी ताणून तिच्या पोटाखाली तोंड घातलं आणि ढुशी मारली. गाय दचकली. मान वळवून तिने त्याला हुंगलं, लांब, फुस्स करून. आणि मग डोकं खाली घालून असा धक्का मारला की ते पोर उडून लोखंडी फाटकावर आदळलं. मी किंचाळले. ते उठायच्या आत तिने मागचा पाय झाडला, तो त्याच्या पुढच्या गुडघ्यावर बसला. माझ्या हातातलं ताट पडलं, कुंकू चिखलात गेलं, वडे तिच्या खुरांखाली. शेतकऱ्याने खांद्याने गाईला रेटत बाजूला नेलं. हे सगळं दहा सेकंदांत. मी तिथेच उभी, पायांत त्या निळ्या पिशव्या.

वासरू उठायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. तोंडातून थोडं रक्त आलं होतं, जीभ चावली असावी. मी पुढे झाले तर ते आणखीनच भेदरलं. तेवढ्यात शेतकऱ्याची बायको आली. पळत नाही, भरभर चालत. माझ्याकडे बघितलंही नाही. गुडघ्यावर बसली आणि दोन बोटं त्याच्या तोंडापुढे धरली, नुसती धरली. त्याने ती चोखायला घेतली. चोखत चोखतच तिसऱ्या खेपेला उठलं आणि तिच्या बोटांमागे एक पाय उचलत लंगडत निघालं. वासरांची पांढरी प्लास्टिकची खोपटी होती रांगेने, तिकडे. एकदाही मागे वळून बघितलं नाही त्याने.

नाशिकची रडत होती. एरवी ती सिनेमातसुद्धा रडत नाही. शेतकरी परत आला, कपाळ पुसलं. मी म्हटलं, "पण ती त्याची आई आहे."

"हो," तो म्हणाला. "वहीत आहे."

तो कुत्सितपणे बोलला नाही. एक गोष्ट सांगितली, बस्स. "तिचा दोष नाही," असंही म्हणाला. "तिला ते कोण आहे हेच माहीत नाही."

आम्ही हजारदा माफी मागितली. गुडघा मोडला नसावा, सोमवारी गुरांचा डॉक्टर येणारच आहे, असं तो म्हणाला आणि आम्हाला घरात बोलावलं. कुठल्या तोंडाने जायचं? पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. टेबलावर तिने आमच्यासाठी केलेला तिकडचा केक ठेवला होता, खाली मैद्याचं कवच आणि आत दुधात शिजवलेला भात. सोबत दुधाची कॉफी. आणि आज आम्हा दोघींना गहूही चालत नव्हता आणि दूधही. नाशिकची माझ्याकडे बघत राहिली. आधी तिचं वासरू लंगडं करायचं आणि मग तिने केलेलं खायलाही नाही म्हणायचं, वा रे पाहुण्या!

ती बाई हात धुऊन आली. मला संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं थोडं डच येत होतं, तिने माझ्यासाठी बोली सोडून सावकाश डचमध्ये विचारलं, "मुलं आहेत तुला?"

"एक. मुलगा."

"कुठे आहे?"

"भारतात. माझ्या आईजवळ."

"किती दिवस?"

मला डचमध्ये महिने मोजता येत होते. सोळा, म्हटलं.  सुरी घेऊन तिने केक कापायला घेतला. नवऱ्याला तुकडा दिला, मग माझ्यासमोर बशी ठेवली. मी तिला विचारलं, ते वासरू तुमच्यामागे कसं गेलं. तिला प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाली, "मी पाजते ना. जो पाजतो त्याच्यामागे जातात. माणूस बदलला तर दोन दिवस पीत नाहीत. आपण त्यांच्यामागे धावायचं नाही. बाटली घेऊन बसून राहायचं."

मी तो तुकडा खाल्ला. गव्हाचा, दुधाचा, साखर पेरलेला, वसुबारशीच्या दिवशी. नाशिकचीने डोळे मोठे केले, मग तिनेही खाल्ला. उपास कुणासाठी धरला होता आणि कुणाचं भलं झालं त्याने, सांगा बघू? शेवटच्या घासापर्यंत संपवला.

परतीच्या वाटेवर नाशिकचीला तिच्या घरी सोडलं. ती उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सोड गं, जनावर ते." दार लागलं आणि गाडी सुरू व्हायच्या आत मी नवऱ्याला सांगितलं. पत्राचं. जुलैचं. सगळं एका दमात.

त्याने लावलेली किल्ली परत काढली. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"विजेचं बिल शोधत होतो. तेव्हाच बघितलं. मुदत होती अजून."

मला वाटलं मी त्याला ओरबाडेन. "मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"तू का नाही बोललीस?"

 दोघांनी एकच पत्र वाचलं होतं आणि दोघांनी ते परत बिलांखाली ठेवलं होतं. त्यालाही शनिवारी उशिरापर्यंत झोपायला आवडत होतं. त्याच्यावर मला जेवढा राग आला तेवढंच बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची मला अजून शिसारी येते. आम्ही बराच वेळ नाशिकचीच्या दाराशी गाडीत बसून राहिलो. शेवटी तिनेच खिडकीतून खूण केली, काय झालं म्हणून.

सोमवारी मी पाळणाघरात जाऊन उभी राहिले. रांगेत पुन्हा नाव घातलं, पण या वेळी जागेची वाट बघत थांबायचं नाही, आधी मुलाला आणायचं असं ठरलं होतं. मी आठवड्याचे तीन दिवस काम घेतलं, लीडचं पद सोडलं. साहेब म्हणाला, नक्की विचार केलाय ना? नक्की बिक्की काही नव्हतं. सेक्रेटरीला वासराचं विचारलं, तर म्हणाली, भाऊ काही बोलला नाही, म्हणजे ठीकच असेल. मला ते खरं वाटलं नाही, पण पुन्हा विचारायचं धाडसही झालं नाही.

डिसेंबरात कराडला गेले. इतके दिवस मी एकाच गोष्टीला घाबरत होते, की तो मला ओळखणार नाही. ते तसंच झालं. तो आईच्या मागे लपला आणि तिचा पदर दातांत धरून बघत राहिला. पण त्याच्यासाठी मी तयार होते. तयार नव्हते ती आईसाठी. तिने त्याच्या कपड्यांची बॅग आठ दिवस आधीच भरून ठेवली होती. मेतकुटाची बरणी, त्याची वाटी, त्याचा चमचा, त्याचं फाटकं गोधडीचं टोक, सगळं फडक्यात बांधून. तो कसा झोपतो, कशाने रडतो, भातावर तूप आधी की मेतकूट आधी, हे सगळं ती मला परत परत सांगत होती. एकदा सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "अगं, मला वाटलं होतं लवकर दिलं की त्याला कळणार नाही. माझं काय, हे डोक्यातच आलं नाही."

टॅक्सी निघाली तेव्हा तो 'आई, आई' करत काचेवर हात आपटत होता. मी त्याला घट्ट धरलं होतं. आई फाटकाशी उभी होती, हात हलवत नव्हती. मी आत्तापर्यंत तासाभरात वेगळं केलेल्यांचंच बघितलं होतं. सतरा-अठरा महिन्यांनी वेगळं केलं की काय होतं ते त्या दिवशी बघितलं, दोन्हीकडून.

आइंडहोवनला आल्यावर पहिले दोन दिवस त्याने जवळजवळ काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारची झोप झाली आणि त्याने हाक मारली, "आई!" मी हातातलं टाकून धावले. दारात उभी राहिले. म्हटलं, "आले रे बाळा, ही बघ आले."

तो उठून बसला. माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवून म्हणाला, "तू नाही. आई."

मी परत स्वयंपाकघरात गेले. मऊ भात केला, तूप आधी, मेतकूट नंतर, त्याच्याच वाटीत. त्याच्या खोलीत जमिनीवर बसले, त्याच्यापासून हातभर लांब, आणि वाटी मध्ये ठेवली. बोलले नाही. बोलावलं नाही. चेहऱ्याकडे बघितलंही नाही, खाली वाटीकडे बघत राहिले. पाय आखडले, भात गार झाला. खूप वेळाने तो खाटेवरून उतरला, वाटीशी येऊन बसला आणि तोंड उघडलं.

अर्धा भात संपल्यावर त्याने विचारलं, "आई कधी येणार?"

मी चमचा भरला. म्हटलं, "येणार हं. दिवाळीला येणार तुझी आई. तोवर जेव."